बदल केलेल्या जर्मन लष्करी रायफली: ओळखायच्या कशा आणि जमवायच्या कशा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कन्व्हर्टेड म्हणजे नक्की कुठली रायफल? कोणी घरी कापून-तासून बदललेली पण चालते का?

नाही, ती वेगळी. इथे आपण बोलतोय ते सैन्याने किंवा सरकारी कारखान्याने हुकूम काढून केलेल्या बदलाबद्दल. नवीन काडतूस आलं आणि गोदामात लाखो जुन्या रायफली पडल्या होत्या म्हणून त्यांचं चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) बदललं, किंवा युद्ध संपल्यावर शत्रूची हत्यारं हाती आली आणि नव्या घ्यायला पैसे नव्हते म्हणून त्यांनाच नवी नळी बसवली, असं. शिकारीसाठी दस्ता कापून हलकी केलेली रायफल म्हणजे खाजगी काम, तिला स्पोर्टराइज्ड म्हणतात आणि संग्राहक तिच्याकडे सहसा वळत नाहीत.

मग सुरुवात कुठून करू? मॉडेल्स एवढी आहेत की डोकं चक्रावतं.

गेव्हेर ८८ पासून करा (गेव्हेर म्हणजे जर्मनमधे रायफल, ८८ म्हणजे १८८८). मला विचाराल तर या विषयाचं अख्खं व्याकरण या एका रायफलीत शिकायला मिळतं, कारण तिच्यावर एकामागून एक बदल होत गेले आणि प्रत्येकाची खूण धातूवर राहिली.

फ्रान्सने १८८६ मधे बिनधुराच्या दारूची लेबेल रायफल आणली आणि जर्मनीची धावपळ उडाली. माउजर या मोठ्या जर्मन बंदूक कंपनीला बाजूला ठेवून सैन्याच्या कमिशननेच डिझाइन केलं म्हणून तिला कमिशन रायफल पण म्हणतात. मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) मानलिखर पद्धतीचं, म्हणजे ५ काडतुसं क्लिपसकट (त्यांना धरणाऱ्या पत्र्याच्या चिमट्यासकट) आत घालायची आणि काडतुसं संपली की रिकामी क्लिप खालच्या भोकातून पडायची. नळीभोवती पत्र्याचं पातळ आवरण. श्पांडाऊ, डान्झिग, एर्फुर्ट आणि आम्बेर्गचे सरकारी कारखाने, शिवाय बर्लिनची लुडविग लोवे, ऑस्ट्रियातलं श्टायर, सूलची हेनेल अशा बऱ्याच ठिकाणी बनली.

लोवेच्या रायफलींबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी कारण विक्रेते अजून ती अर्धवट सांगतात. १८९२ मधे हेरमान आलवार्ट नावाच्या ज्यूद्वेष्ट्या राजकारण्याने पत्रक छापलं की कंपनीचे मालक ज्यू आहेत आणि त्यांनी सैन्याला मुद्दाम खराब रायफली दिल्या. आरोप खोटा होता आणि कोर्टाने त्यालाच शिक्षा केली. तेव्हा लोवेचा माल कमी दर्जाचा असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका, मी तर म्हणेन तिथेच थांबवा त्याला.

गेव्हेर ८८ मधे एस, ०५, १४ वगैरे काय भानगड आहे?

मूळ काडतुसाची गोळी बोथट, १४.६ ग्रॅमची, व्यास .३१८ इंच. मग १९०३ ते १९०५ च्या सुमाराला टोकदार गोळीचं एस काडतूस आलं, गोळी साधारण १० ग्रॅमची पण व्यास .३२३ इंच. म्हणजे हलकी, वेगवान आणि किंचित जाड. जुनी रायफल नव्या काडतुसासाठी वापरायची तर चेंबर सुधारायला हवं, ते केलं की रिसीव्हरच्या (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या धातूच्या सांगाड्याच्या) वर, बरोबर चेंबरच्या जागी, एस अक्षराचा ठसा मारायचे. ही झाली ८८ एस. मॅगझिन जुनंच, क्लिप जुनीच.

पण तोपर्यंत माउजरची गेव्हेर ९८ आली होती आणि तिची काडतुसं पट्टीवरून खाली ढकलून भरायची होती. एकाच सैन्यात दोन प्रकारच्या क्लिपा म्हणजे डोकेदुखी, म्हणून ८८/०५ केली. ही हातात आली तर असं बघा: बोल्ट (हाताने मागेपुढे सरकवायची दांडी) मागे ओढा, रिसीव्हरच्या मागच्या पुलावर पट्टी उभी राहावी म्हणून दोन छोटे कान जोडलेले दिसतील, डाव्या भिंतीला अंगठा आत जावा म्हणून गोलसर खाच दिसेल, मग रायफल उलटी करा, मॅगझिनच्या तळाला जिथून रिकामी क्लिप पडायची ते भोक पत्र्याने बंद केलेलं दिसेल. या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. कान आहेत पण भोक उघडं आहे, किंवा भोक बंद आहे पण कान नाहीत, तर कुठलातरी भाग नंतर बदललाय असं धरून चाला.

८८/१४ म्हणजे हेच काम पण पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला रायफली कमी पडल्या तेव्हा घाईघाईत केलेलं. कान ओबडधोबड वेल्ड केलेले, घासून नीट केलेले नाहीत. गंमत म्हणजे नवखा माणूस ते खडबडीत काम बघून बनावट समजतो आणि सोडून देतो, तर जाणकार नेमकी तीच शोधत असतो. हात न लावलेली ८८/१४ आजकाल कमीच दिसते, दिसली तर धातूवरची वेल्डची कड नीट बघा, गंज आणि काळपटपणा बाकीच्या रिसीव्हरइतकाच जुना दिसला पाहिजे.

एस ठसा आहे म्हणजे आजचं ८ मिमीचं काडतूस चालेल ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर दरवेळी तेच. एस ठसा म्हणजे १९०५ च्या सुमाराच्या सैन्याने तेव्हाच्या काडतुसासाठी पास केलेली रायफल, त्यानंतर शंभर वर्षांहून जास्त काळ गेलाय, दारू बदलली, दाब बदलला, नळी झिजली, पत्र्याच्या आवरणाखाली काय गंज आहे ते दिसत पण नाही. युरोपात आज पण ८×५७ चे आय आणि आयएस असे दोन वेगळे प्रकार मानतात ते याच व्यासाच्या फरकामुळे. जमवा, अभ्यास करा, भिंतीवर लावा, पण अशी रायफल प्रमाणित गनस्मिथने तपासून लेखी दिल्याशिवाय कोणी उडवू नये आणि ८८ च्या बाबतीत तर माझं मत आहे की उडवूच नये.

तुर्की खुणा असलेली ८८ सापडली, ती जर्मन धरायची का तुर्की?

दोन्ही. पहिल्या महायुद्धात जर्मनीने ऑटोमन सैन्याला ८८/०५ दिल्या. त्यांनी साइटच्या (नेम धरायच्या) पट्टीवर आपले आकडे कोरले, अरबी वळणाचे. पुढे प्रजासत्ताक आल्यावर १९३० च्या दशकात अंकाराला यातल्या बऱ्याच परत कारखान्यात गेल्या, पत्र्याचं आवरण काढून टाकलं, साधी नळी आणि वर हात भाजू नये म्हणून लाकडी हँडगार्ड बसवलं. म्हणजे एकाच रिसीव्हरवर बर्लिन किंवा एर्फुर्ट, मग इस्तंबूल, मग अंकारा असा सगळा प्रवास वाचता येतो आणि मला हे प्रकरण सगळ्यात जास्त आवडतं.

इथे एक घोटाळा होतो तो हानयांग ८८ चा. ती चीनमधे हानयांगच्या कारखान्यात १८९५ पासून बनलेली नक्कल, पुढे तिच्यावरचं आवरण पण काढलं गेलं, त्यामुळे लांबून तुर्की बदलासारखीच दिसते. ठसे वाचा, चिनी अक्षरं असली तर ती बहुधा हानयांगचीच.

आमच्याकडे सांगतात की पणजोबांनी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातून (आजचा इराक) तुर्की बंदूक आणली होती. शक्य आहे का?

मराठा पलटणी तिथे होत्या हे तर नक्कीच. सहावी डिव्हिजन पुण्याचीच होती, पूना डिव्हिजन म्हणूनच ओळखली जायची, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या आणि कुतच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ ला तिला शरण जावं लागलं. समोर ऑटोमन सैन्य होतं आणि त्यांच्या हातात मुख्यतः माउजरच्या रायफली. पण युद्धकैदी झालेला जवान रायफल घेऊन घरी आला नसणार, आणि ब्रिटिश सैन्य पण जिंकलेली हत्यारं जवानांना सहजासहजी नेऊ देत नव्हतं. कथा मनात ठेवा, तिच्यावर प्रेम करा, पण ओळख पटवताना फक्त ठसे बघा.

आणि मुख्य म्हणजे घरात खरंच विनापरवाना बंदूक निघाली तर ती गाडीत टाकून कोणाला दाखवायला नेऊ नका. आधी वकिलाशी बोला, मग पोलीस स्टेशन किंवा लायसन्स देणारं कार्यालय. वारसाने आलेलं हत्यार रीतसर जमा करायची सोय १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे.

भारतात अशा रायफली जमवता येतात का?

खरं सांगायचं तर फारच अवघड. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन होती. .३०३ आणि ७.६२ या सैन्याच्या बोअरवर (नळीच्या मापावर) तर वेगळी कडक बंधनं आहेत, म्हणजे ७.६२ मधे बदललेली माउजर हा विचारच सोडा. त्याच कायद्याच्या कलम ४५ मधे कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, दुरुस्त करून पण वापरता येण्याची शक्यता नसलेल्या हत्यारांना सूट आहे, पण माझ्या रायफलीला ती लागू होते का हे आपण स्वतः ठरवायचं नसतं, लायसन्स अधिकाऱ्याकडून लेखी घ्यायचं असतं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींचं वेगळं आहे. तिथे फेडरल कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली रायफल अँटिक धरतात, त्यामुळे १८८९-९७ मधली गेव्हेर ८८ त्यात बसते, वर्ष रिसीव्हरवरच असतं. राज्याचे कायदे मात्र वेगळे असतात, ते बघूनच पुढे जा. जर्मनीत राहत असाल तर संग्राहकांचं वेगळं लायसन्स मिळतं पण त्यासाठी विषय ठरवून अभ्यास दाखवावा लागतो आणि ही पद्धत मला फार पटते.

कार९८के, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सैन्याची आखूड माउजर, तिचे बदललेले प्रकार कुठले? इस्रायलवाल्याबद्दल फार ऐकलंय.

१९४८ मधे इस्रायल जन्माला येत होतं आणि हत्यारं कोणी देत नव्हतं तेव्हा चेकोस्लोव्हाकियाने दिली. त्यात जर्मन ताब्यात असताना तिथल्या बर्नो शहरात बनलेल्या आणि युद्धानंतर तिथेच उरलेल्या भागांतून जोडलेल्या कार९८के होत्या. पहिल्या २०० रायफली १ एप्रिल १९४८ च्या रात्री विमानाने उतरल्या आणि लगेच नोरा नावाच्या बोटीने ४,५०० आल्या. ज्या राजवटीने ज्यूंचा संहार केला तिचीच हत्यारं, काहींवर गरुड आणि स्वस्तिकाचे ठसे तसेच, काहींवर खोडलेले, आणि शेजारी डेव्हिडचा तारा. अशी रायफल समोर ठेवली की माणूस गप्प होतो.

मग १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात इस्रायलने नाटोचं ७.६२×५१ काडतूस घेतलं आणि या रायफलींना नव्या नळ्या बसवल्या. ओळखायला सोपी: रिसीव्हरच्या कड्यावर (चेंबरभोवतीच्या गोल भागावर) मोठ्या आकड्यात ७.६२ आणि दस्त्याच्या मागच्या भागात लाकडावर ७.६२ डागलेलं. ते डागणं नीट बघा. तापलेल्या लोखंडाने केलेलं असतं, त्यामुळे आकड्याची कड आतून काळी आणि किंचित खोलगट, वर्षानुवर्षांचं तेल आणि घाम त्यात मुरलेला. हल्ली कोरून काळा रंग भरलेले दस्ते पण विकायला येतात, त्यात कड धारदार राहते आणि लाकडाचे तंतू तुटलेले दिसतात. शिवाय सगळ्याच इस्रायली रायफली जर्मन नव्हेत, बेल्जियमच्या एफएन कंपनीने युद्धानंतर नवीन बनवून दिलेल्या पण होत्या, त्यांच्यावर जर्मन कोड नसणारच.

आणि नॉर्वेची?

मे १९४५ मधे नॉर्वेत जर्मन सैन्याने शरणागती पत्करली तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास सैनिक तिथे होते, त्यांच्या रायफली नॉर्वेला मिळाल्या. १९५० च्या दशकात कोंग्सबेर्गच्या कारखान्याने नव्या नळ्या बसवून त्या .३०-०६ मधे बदलल्या. हे काडतूस जर्मनपेक्षा लांब, म्हणून रिसीव्हरच्या पुढच्या कड्याला खाच पाडावी लागली, बोल्ट मागे घेऊन उजेडात धरलं की ती खाच स्पष्ट दिसते. कड्यावर दल आणि नवा नंबर: हॅर म्हणजे आर्मी, एफएलवाय म्हणजे हवाई दल, केएनएम म्हणजे नौदल, एचव्ही म्हणजे होमगार्ड. आर्मीच्या सगळ्यात जास्त सापडतात.

इथे एक धोक्याची गोष्ट, ठळक करून सांगतो: .३०-०६ च्या गोळीचं माप पण ७.६२ च आणि नाटोच्या काडतुसाचं पण ७.६२ च. नॉर्वेच्या नळीवर पण ७.६२ लिहिलेलं सापडतं. एकाचं कवच ६३ मिमी, दुसऱ्याचं ५१ मिमी. नुसता आकडा वाचून रायफल इस्रायली का नॉर्वेजियन हे ठरवू नका आणि चेंबर कुठलं आहे हे तर अजिबातच नको, त्यासाठी गनस्मिथकडून चेंबरचा साचा काढून मोजून घ्या. नॉर्वेने यातल्या काही पुढे ७.६२×५१ मधे परत बदलल्या त्यामुळे तर गोंधळ आणखी वाढतो.

युगोस्लाव्ह ९८/४८ कन्व्हर्टेड धरायची का?

कॅलिबर (नळीचं माप) बदललं नाही, ७.९२ म्हणजे तेच जर्मन ८ मिमी राहिलं, म्हणून काटेकोरपणे ती दुरुस्त करून नवी केलेली रायफल. पण जर्मन ठसे घासून वर युगोस्लाव्हियाचं राष्ट्रचिन्ह मारलं, नंबर नवे दिले, त्यामुळे मी तरी तिला याच कुटुंबात धरतो. बाजूला मॉडेल ९८/४८ लिहिलेलं असतं. त्यांची स्वतःची एम४८ वेगळी, तिचा रिसीव्हर थोडा आखूड आहे, त्यामुळे दोघींचे बोल्ट एकमेकींत बसत नाहीत.

कार९८बी हे नाव वाचलं, पण ती तर लांब रायफल दिसते?

बरोबर दिसते. पहिल्या महायुद्धातल्या गेव्हेर ९८ घेऊन १९२० च्या दशकात वळवलेला बोल्ट, नवीन साइट आणि बाजूने पट्टा लावायची सोय केली, नळी मात्र ७४० मिमीचीच ठेवली. खऱ्या आखूड कार९८के ची नळी ६०० मिमी. अशा रिसीव्हरवर कधीकधी मूळ वर्षाशेजारी १९२० असा दुसरा आकडा असतो, ते बनवल्याचं वर्ष नव्हे, ती त्या काळची सरकारी मालकीची खूण.

खरोखर दुर्मिळ म्हणावी अशी कुठली?

माझ्या यादीत दोन सगळ्यात वर. एक म्हणजे १८७०-७१ च्या युद्धात हाती आलेल्या फ्रेंच शास्पो रायफली, ज्या जर्मनांनी कापून कार्बाइन (घोडदळाची आखूड रायफल) केल्या आणि माउजर ७१ च्या ११ मिमी धातूच्या काडतुसासाठी बदलल्या. जन्म फ्रान्सचा, बदल जर्मनीचा, प्रशिया आणि सॅक्सनीच्या घोडदळाने वापरल्या. कागदी काडतुसाची सुई काढून धातूच्या काडतुसासाठी बोल्टचं तोंड बदललंय का ते आधी बघा, कारण नुसती कापलेली शास्पो बरीच सापडते.

दुसरी म्हणजे उरुग्वेसाठी बदललेली माउजर ७१. काळ्या दारूची एकफैरी ११ मिमी रायफल, तिला १८९० च्या दशकात फ्रान्समधे सेंट डेनिसला दोदेतो या फ्रेंच पद्धतीच्या ६.५ मिमी काडतुसासाठी नवी नळी बसवली. एवढ्या मोठ्या रिसीव्हरमधून पेन्सिलीएवढी बारीक नळी निघालेली बघितली की लगेच लक्षात येतं.

नंबर जुळतात का हे कसं बघायचं?

जर्मन पद्धतीत नंबर ९,९९९ किंवा १०,००० पर्यंत जायचा, मग पुढे ए, बी, सी असं अक्षर लावून परत १ पासून, आणि दरवर्षी हे नव्याने. म्हणून नंबर, अक्षर, कारखाना आणि वर्ष चारही मिळूनच एक रायफल ओळखता येते. छोट्या भागांवर शेवटचे दोन आकडे असतात, स्क्रूच्या डोक्यावर सुद्धा.

पण बदललेल्या रायफलीत सगळे मूळ नंबर जुळले तर उलट शंका घ्या. नॉर्वेने किंवा युगोस्लाव्हियाने परत जोडताना भाग मिसळले, मग नवे नंबर मारले. तिथे बदल करणाऱ्या कारखान्याचे नंबर जुळतात का हे बघायचं.

खोटे ठसे ओळखायचे कसे?

टॉर्च घ्या, जवळजवळ आडवी धरा आणि प्रत्येक ठशावर फिरवा. खरा ठसा मारल्यावर रायफल वापरली गेली, पुसली गेली, त्यामुळे अक्षराच्या कडा आजूबाजूच्या धातूइतक्याच झिजलेल्या दिसतात. खरवडलेल्या किंवा खड्डे पडलेल्या धातूवर ताजा धारदार ठसा असेल तर तो नंतरचा. गंजाचे खड्डे आधी आणि ठसा वर असला तर विषयच संपला. कार९८के वर कारखान्याचा कोड आणि तपासणीचा गरुड जुळतायत का तेही बघा, बीवायएफ म्हणजे माउजर ओबर्नडोर्फ, डॉट म्हणजे बर्नो, बीएनझेड म्हणजे श्टायर, सीई म्हणजे सूलचे झाउअर.

साफ कशी करू? आणि बदल काढून मूळ रूपात आणू का?

साफसफाई कमीत कमी. मऊ कापड, पातळ बंदुकीचं तेल, बस्स. देवघरातल्या पितळेसारखी चिंच-पितांबरी लावून चकचकीत करायची नाही, सँडपेपर लाकडाला पण नाही. दमट हवेत राहत असाल तर चामड्याच्या कव्हरमधे ठेवू नका, चामडं ओल धरतं, आतल्या आत गंज चढतो.

मूळ रूपात आणण्याबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो, नका आणू. ८८/०५ चे कान घासून काढणं, इस्रायली रायफलीला जुनी ८ मिमी नळी बसवून ७.६२ चा आकडा भरून टाकणं, हे होतं आणि लोक त्याला रिस्टोरेशन म्हणतात. त्यात मूळ रायफल परत येत नाहीच आणि जो दस्तावेज होता तो पण जातो. अंकाराच्या किंवा कोंग्सबेर्गच्या कामगाराने मारलेला ठसा एर्फुर्टच्या ठशाइतकाच खरा आहे.

बघायला कुठे मिळतील?

सूलचं शस्त्रसंग्रहालय, इंगोलश्टाटचं बव्हेरियन आर्मी म्युझियम, कोब्लेन्झचा लष्करी तंत्रज्ञान संग्रह ही जर्मनीतली तीन ठिकाणं नक्की बघा, नॉर्वेला गेलात तर ओस्लोचं संरक्षण संग्रहालय आणि कोंग्सबेर्ग. कोब्लेन्झला वेळ काढून जा, दोन रायफली शेजारी शेजारी ठेवून बघितल्यावर जे कळतं ते फोटोत कळत नाही. बोल्ट उघडलेली ८८ कुठे मांडलेली दिसली तर मागचा पूल आणि मॅगझिनचा तळ दोन्ही बघता येतील अशा जागी उभे राहा आणि परवानगी असेल तर दोन्हीचे फोटो काढून घ्या.